मेफ्लॉवरवरचे लोक ‘घुसखोर’ होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही तुलना मुळात येते कुठून?

अमेरिकेत स्थलांतरावरून वाद पेटला की एक व्यंगचित्र हमखास फिरू लागतं. किनाऱ्यावर मूळ रहिवासी उभा आहे, समोर जहाजातून (बहुधा १६२० च्या ‘मेफ्लॉवर’मधून) उंच काळ्या टोप्यांतले गोरे उतरताहेत आणि तो विचारतोय, ‘कागदपत्रं आहेत का?’ तिकडच्या नातेवाइकाने ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं की पुण्या-नाशकातही चर्चा रंगते.

हे चित्र दोन्ही बाजूंना सारखंच आवडतं. एक बाजू म्हणते, ‘तुमचे पूर्वजही बिनव्हिशाचेच आले, आता इतरांना कशाला अडवता?’ दुसरी म्हणते, ‘अगदी बरोबर. मूळ रहिवाशांनी सीमा सांभाळली नाही, बघा त्यांचं काय झालं!’ निष्कर्ष उलटे असले तरी गृहीतक एकच: तेव्हाचे वसाहतवाले आणि आजचे विनापरवाना स्थलांतरित ही एकाच जातीची माणसं. ते गृहीतकच चुकीचं आहे. मात्र तुलना सर्वस्वी टाकाऊही नाही. ती जिथे खरोखर लागू पडते ती जागा वेगळी आहे, आणि व्यंगचित्रात ती कधी दिसत नाही.

सरळ उत्तर द्या: पहिले वसाहतवाले बेकायदा होते की नव्हते?

कोणाच्या कायद्याने, ते आधी ठरवावं लागेल.

इंग्लंडच्या कायद्याने पाहिलं तर जेम्सटाउन ही अमेरिकेतली पहिली टिकलेली इंग्रज वसाहत पूर्ण कायदेशीर होती. राजा पहिला जेम्स याने १६०६ मध्ये व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली आणि १६०७ मध्ये शंभरेक पुरुष आणि मुलगे चेसापीकच्या उपसागरात उतरले. जी जमीन राजाने कधी पाहिली नव्हती आणि जिच्यावर त्याचा एक शिपाईही नव्हता, ती त्याने दिली कशी? युरोपात तेव्हा एक समज रूढ होती की ख्रिस्ती राजाच्या माणसांनी ‘शोधलेल्या’ बिगरख्रिस्ती मुलखावर त्या राजाचा हक्क लागतो. १४९३ च्या पोपच्या फर्मानाचा तिला आधार होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश खटल्यात हीच समज कायद्यात पक्की केली. व्हॅटिकनने ती अधिकृतपणे नाकारली, पण त्याला मार्च २०२३ उजाडावं लागलं.

प्लिमथ या दुसऱ्या वसाहतीची गोष्ट जास्त मजेशीर आहे. १६२० मध्ये मेफ्लॉवरवरून आलेल्या १०२ प्रवाशांकडे परवाना होता, पण तो व्हर्जिनिया कंपनीच्या हद्दीतला, हडसन नदीच्या मुखाकडचा. जहाज लागलं बरंच उत्तरेला, केप कॉडला. म्हणजे इंग्लंडच्याच हिशोबाने ही मंडळी चुकीच्या जागी उतरली होती. काही प्रवासी लगेच बोलू लागले की इथे कंपनीचा हुकूम चालत नाही, आता आम्ही मोकळे. ती कुरबुर दाबण्यासाठी ४१ पुरुषांनी जहाजावरच एका करारावर सह्या केल्या. हाच तो प्रसिद्ध ‘मेफ्लॉवर करार’. शाळेच्या पुस्तकांत तो लोकशाहीची पहाट म्हणून शिकवतात, पण त्याचं तातडीचं कारण कागदपत्रांतली गोची हे होतं. पुढच्या वर्षी इंग्लंडहून नवा परवाना आला आणि प्रश्न मिटला. चुकीच्या जागी उतरलेल्यांना मागाहून कागद पाठवून देण्याची ही पद्धत लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटेल.

पण मूळ रहिवाशांचा कुठे काही कायदा होता? सीमा, परवानगी वगैरे?

होता. शिक्क्यामोर्तबाचा नव्हता इतकंच.

जेम्सटाउनच्या आसपास पाउहॅटन महासंघ होता, तीसेक जमातींचा. त्याचा प्रमुख वाहुनसेनाका खंडणी घेई, जमातींवर आपले नायक नेमी. इंग्रजांनाही त्याने याच चौकटीत बसवायचा प्रयत्न केला. इंग्रजांचा म्होरक्या जॉन स्मिथ याला त्याने आपल्या हाताखालचा एक नायक मानलं आणि त्या बदल्यात तोफा अन् कुऱ्हाडी मागितल्या. त्याच्या लेखी ही परकी मंडळी त्याच्या परवानगीने, त्याच्या छत्राखाली राहणार होती.

प्लिमथला तर चक्क तह झाला. मार्च १६२१ मध्ये वाम्पानोग लोकांचा प्रमुख ओसामेक्विन (इंग्रज त्याला मॅसासोइट म्हणत) याने त्यांच्याशी परस्पर संरक्षणाचा करार केला. दयाबुद्धी वगैरे नंतरच्या गोष्टी. १६१६ ते १६१९ च्या साथीत त्याचे लोक भयंकर संख्येने मेले होते आणि पश्चिमेकडचे नॅरागान्सेट साथीतून बरेचसे वाचल्यामुळे वरचढ झाले होते. बंदुका असलेला मित्र त्याला हवा होता. प्लिमथ वसलं ते पटुक्सेट या साथीत ओस पडलेल्या गावाच्या जागेवर. त्या गावचा टिस्क्वांटम १६१४ मध्ये इंग्रज खलाशांनी पळवून स्पेनला नेला होता. तो इंग्लंडमार्गे परतला तेव्हा गाव उरलं नव्हतं. तोच वसाहतवाल्यांचा दुभाषी झाला, त्यांना मका पेरायला त्यानेच शिकवलं.

थोडक्यात, प्लिमथवाले यजमानांच्या मान्यतेने राहिले. आता त्या तहातलं एक कलम पाहा: वाम्पानोग माणसाने इंग्रजाला इजा केली तर त्याला शिक्षेसाठी इंग्रजांच्या हवाली करायचं. उलट बाजूची तशी हमी नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांत हे कलम कुठवर ताणलं गेलं? १६७५ मध्ये जॉन सॅसामन नावाच्या ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशाच्या खुनाबद्दल प्लिमथच्या कोर्टाने तीन वाम्पानोग पुरुषांना फासावर चढवलं. मेलेला त्यांच्यातला, आरोपी त्यांच्यातले, आणि कोर्ट पाहुण्यांचं! ओसामेक्विनचा मुलगा मेटाकॉम याचं युद्ध त्यानंतर काही दिवसांतच पेटलं.

त्यांनी जमिनी विकत घेतल्या होत्या ना?

बऱ्याच ठिकाणी घेतल्या, खरेदीखतंही आहेत. पण घेणारा समजत होता की जमीन कायमची आपली झाली. देणाऱ्याच्या समजुतीत शिकारीचा, मासेमारीचा, ये-जा करायचा हक्क बहुधा राहतच होता. जिथे खरेदी नव्हती तिथे मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याचा युक्तिवाद तयार होता: कुंपण घातलेलं नाही, कायम नांगरलेलं नाही, म्हणजे जमीन रिकामी. (मका, घेवडा, भोपळा पिकवणाऱ्या बायकांना हे कोणी विचारलं नाही.)

त्याच काळात याविरुद्ध बोलणारा एक माणूस होता, धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स. त्याचं म्हणणं, राजाला ही जमीन द्यायचा अधिकारच नाही, ती मूळ रहिवाशांकडूनच घ्यायला हवी. मॅसॅच्युसेट्सने त्याला १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा सुनावली. इतर मतंही कारणीभूत होती, पण हे मत यादीत होतं. तेव्हा ‘त्या काळी कोणाला कळत नव्हतं’ ही सबब चालत नाही.

मग ‘स्थलांतरित’ आणि ‘वसाहतकार’ यांत नेमका फरक काय?

भाडेपावतीशिवाय खोलीत राहणारा माणूस आणि तलाठ्याला हाताशी धरून सातबाऱ्यावरचं नावच बदलून घेणारा माणूस, यांत जो आहे तो.

आजचा विनापरवाना स्थलांतरित दुसऱ्याच्या कायद्यात शिरतो. तो कायदा त्याच्या डोक्यावर असतो, त्याला पकडू शकतो, परत पाठवू शकतो. त्याचं सगळं धोरण त्या कायद्याच्या नजरेत न येण्याचं, आणि जमलंच तर त्यातच एक जागा मिळवण्याचं. मुलं तिथल्या शाळेत जातात, तिथली भाषा बोलतात. त्याच्या मागे कोणी राजा नाही, आरमार नाही. बहुतेकदा मायदेशाचं सरकार त्याला ओळख द्यायलाही नाखूश असतं.

वसाहतकार स्वतःचा कायदा सोबत आणतो. कोर्ट, जमीन मोजायची पद्धत, चर्च, भाषा, करवसुली, सगळं. तिथल्या समाजात सामील होणं हा त्याचा हेतूच नसतो. म्हणून ‘वसाहतकारांनी कायदा मोडला का’ यापेक्षा ‘त्यांनी कायदा बदलून टाकला का’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. या कसोटीवर आजचा ग्वाटेमालाहून आलेला शेतमजूर आणि १६३० चा बोस्टनवासी एका रांगेत बसत नाहीत. ‘त्यांनीही असंच केलं होतं’ हे वाक्य मजुरावर नको तेवढा आरोप करतं आणि बोस्टनवासीयाला नको तेवढं सोडून देतं.

तुलना तंतोतंत लागू पडते असं एकही उदाहरण नाही का?

आहे, आणि ते सतराव्या शतकात नाही. टेक्सासकडे या.

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला तेव्हा टेक्सास त्याचा विरळ वस्तीचा उत्तरेकडचा मुलूख होता. वस्ती वाढावी म्हणून मेक्सिकोने स्टीफन ऑस्टिनसारख्या ठेकेदारांमार्फत अमेरिकन कुटुंबं आणायची परवानगी दिली. अटी होत्या: मेक्सिकोशी निष्ठा, कॅथलिक धर्म. बदल्यात जनावरं पाळणाऱ्या कुटुंबाला जवळपास साडेचार हजार एकर, किरकोळ शुल्कात. अमेरिकेत तेव्हा सरकारी जमीन सव्वा डॉलर एकराने, तीही रोखीने. लोक लोटले. दक्षिणेतल्या राज्यांत कर्जबुडवे घराच्या दारावर ‘जी.टी.टी.’ एवढंच लिहून नाहीसे होत. अर्थ, ‘टेक्सासला गेलो’.

मग मेक्सिकोच्या लक्षात आलं की हे लोक आपल्यात मिसळत नाहीत. जनरल मानुएल दे मिएर इ तेरान १८२८ मध्ये पाहणी करून आला. त्याचा इशारा असा की अमेरिकन संख्येने भारी झालेत, काहीतरी करा. शिवाय ही मंडळी कापसासाठी गुलाम घेऊन येत होती आणि मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती (टेक्सासला लगेच सवलत द्यावी लागली ती गोष्ट वेगळी). ६ एप्रिल १८३० रोजी कायदा झाला: अमेरिकेतून टेक्सासात येऊन वसायला बंदी. सीमेवर सैन्य, जकातनाकी.

बंदीचा परिणाम? लोक येतच राहिले. सीमा लांब, पहारा तुटपुंजा. विल्यम ट्रॅव्हिस अलाबामात कर्ज आणि संसार मागे टाकून १८३१ च्या सुरुवातीला आला. सॅम ह्यूस्टन १८३२ च्या अखेरीस आला. दोघंही बंदीच्या काळात. मेक्सिकोच्या कायद्याने पाहिलं तर पुढे टेक्सासच्या बंडात अलामोच्या किल्ल्यात लढून मेलेला सेनानी (ट्रॅव्हिस) आणि टेक्सास प्रजासत्ताकाचा पहिला निवडून आलेला अध्यक्ष (ह्यूस्टन) हे दोघंही विनापरवाना स्थलांतरित होते. यात व्यंगचित्रातली ओढाताण नाही. इथे सीमा आहे, राष्ट्र आहे, छापील कायदा आहे, तारीख आहे. बंदी अखेर १८३४ मध्ये मागे घेतली गेली. मार्च १८३६ मध्ये बंड करून टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र झालं, त्याच्या घटनेने गुलामगिरीला पक्कं संरक्षण दिलं, १८४५ मध्ये ते अमेरिकेत विलीन झालं, आणि १८४८ च्या तहात मेक्सिकोने उत्तरेकडचा उरलेला प्रचंड मुलूखही गमावला.

म्हणजे ‘सीमा सांभाळली नाही तर देश जातो’ हेच सिद्ध झालं की!

घाई नको. टेक्सास केवळ स्थलांतरितांच्या संख्येने गेलं नाही. मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आन्ना याने १८२४ ची संघराज्यीय घटना गुंडाळली तेव्हा मेक्सिकोतलं झाकातेकास राज्यही उठलं होतं, आणि तिथे अमेरिकन वसाहतवाले नव्हते. टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर लोरेन्सो दे सावालासारख्या मेक्सिकन नेत्याची सही आहे. टेक्सासचाच मेक्सिकन हुआन सेगिन बंडखोरांच्या बाजूने लढला आणि सहा वर्षांतच त्याला आपल्याच टेक्सासातून पळून मेक्सिकोत जावं लागलं. आणि मुख्य म्हणजे बंडखोरांच्या पाठीशी एक बलाढ्य, जमिनीसाठी हपापलेला शेजारी देश होता. आजच्या एल साल्वादोर किंवा होंडुरासला अमेरिकेचं एखादं राज्य गिळंकृत करायचं आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी नकाशा पाहावा.

वसाहतवाल्यांनी स्वतःच्याच सरकारचा कायदा मोडला असं झालं का?

वारंवार, आणि मला वाटतं खरा धडा इथेच आहे.

७ ऑक्टोबर १७६३ रोजी ब्रिटनच्या राजाने जाहीर केलं की अॅपलाशियन पर्वतरांगेच्या पश्चिमेला कोणी वसायचं नाही. लोक गेले. सैनिकांनी झोपड्या जाळल्या, लोक परतून आले. पेनसिल्व्हेनियाने १७६८ च्या सुरुवातीला अशा अतिक्रमणाला देहदंडाचा कायदा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फोर्ट स्टॅनविक्सच्या तहाने रेषाच पश्चिमेकडे सरकवली! जॉर्ज वॉशिंग्टन तर १७६७ मध्येच आपल्या जमीन-मोजणीदाराला पत्रातून सांगत होता की ही बंदी तात्पुरती आहे, चांगल्या जमिनी आताच हेरून ठेव.

ब्लॅक हिल्सचं तेच. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने तो डोंगराळ प्रदेश लाकोटा आणि इतर सू या मूळ रहिवाशांना दिला. १८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टरच्या मोहिमेला सोनं सापडलं, खाणवाले घुसले. सैन्याने आधी काहींना हुसकावलं. १८७५ च्या अखेरीस अध्यक्ष ग्रँटने अडवणं थांबवलं आणि १८७७ मध्ये संसदेने डोंगरच काढून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ही भरपाई न देता केलेली जप्ती ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम मंजूर केली. सू लोकांनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना डोंगर हवेत.

बेकायदा वसणारा गोरा शेतकरी किंवा खाणवाला असेल तर कायदा त्याच्या मागोमाग धावत गेला आणि त्याला कायदेशीर करून आला. ही वागणूक आजच्या स्थलांतरिताला मिळावी की नाही यावर मतभेद असू शकतात. ती पूर्वी मिळत होती, यावर मतभेद होऊ शकत नाहीत.

‘आमचे पूर्वज कायदेशीर मार्गाने आले’ हा दावा कितपत खरा?

बहुतेकदा खरा. फक्त तेव्हा मोडायला फारसा कायदाच नव्हता. केंद्रीय पातळीवर पहिली ठळक बंधनं १८७५ च्या पेज कायद्याची आणि १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याची, म्हणजे आशियाई लोकांवर. युरोपियन माणूस जहाजातून न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरे, डॉक्टर तपासत, अधिकारी प्रश्न विचारत, आणि शंभरातले अठ्ठ्याण्णव आत जात. संख्येची मर्यादा १९२१ आणि १९२४ मध्ये आली. विनातपासणी सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा झाला १९२९ मध्ये.

त्याच १९२९ च्या आणखी एका कायद्याची आठवण कोणी काढत नाही. ज्यांच्या प्रवेशाची नोंद नव्हती पण जे ३ जून १९२१ आधीपासून देशात होते, त्यांना वीस डॉलर भरून कायदेशीर होता येऊ लागलं. लाभ घेणारे बहुसंख्य युरोप आणि कॅनडातून आलेले. ही तारीख पुढे अनेकदा सरकवली गेली. शेवटचं सरकवणं १९८६ चं, १ जानेवारी १९७२ पर्यंत. तिथेच ती अडकून आहे.

आज ‘बेकायदा’ म्हणजे नेमकं कोण?

फक्त नदी पोहून येणारे नव्हेत. व्हिसावर विमानाने येऊन मुदत संपल्यावर राहिलेले मोठ्या संख्येने आहेत, आणि मुदतीपलीकडे राहणं हा दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, फौजदारी गुन्हा नाही. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजाने २०२३ मध्ये विनापरवाना राहणारे १ कोटी ४० लाख होते. त्यात आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेले, तात्पुरतं संरक्षण मिळालेले असेही लाखो येतात.

भारतीयही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक पंजाब, हरयाणा, गुजरातचे. महाराष्ट्राचे तिघे होते. ‘डंकी’ (चोरवाटेने परदेशात शिरणं) हा फक्त पंजाबी शब्द राहिलेला नाही.

इंग्रज आपल्याकडेही आले होते. ते कोण, वसाहतकार की स्थलांतरित?

तिसराच प्रकार. सर थॉमस स्माइथ हा एकच माणूस लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि व्हर्जिनिया कंपनी दोन्ही चालवत होता. पण सुरतेत वखार उघडायला त्याच्या माणसांना जहांगिराची परवानगी मागावी लागली, आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा पुरवल्यावर १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. इथे साथीने माणसं संपली नाहीत, राज्यं उभी होती. म्हणून इंग्रज इथे राज्यकर्ते झाले, पण रहिवासी म्हणून लोटले नाहीत.

उलट कंपनीच विनापरवाना युरोपियनांना हाकलत असे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनीने त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला. दोघांनी गुपचूप कोचीनपर्यंत पळ काढला, पकडून आणले गेले, अर्जविनंत्या केल्या, आणि शेवटी गव्हर्नर नेपियन विरघळला. त्यातून उभं राहिलं ते अमेरिकन मराठी मिशन, ज्याने पुढे अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढलं.

मूळ रहिवासी आज या वादात कोणत्या बाजूला आहेत?

एका बाजूला नाहीत. अॅरिझोनातल्या टोहोनो ओओडम लोकांचा मुलूख १८५० च्या दशकात आखलेल्या अमेरिका-मेक्सिको सीमेने दोन तुकडे झाला. शंभरेक किलोमीटर सीमा त्यांच्या राखीव प्रदेशाला लागून आहे. भिंतीला त्यांचा विरोध आहे, पण तस्करीविरुद्ध ते सीमा पोलिसांना मदतही करतात. ‘कागदपत्रं आहेत का’ हा व्यंगचित्रातला प्रश्न तिथे खऱ्या आयुष्यात त्यांनाच विचारला जातो.

आणि १९२४ च्या उन्हाळ्याची गंमत पाहा. मेच्या अखेरीस देशवार कोटा ठरवणारा स्थलांतर कायदा झाला, त्याच आठवड्यात सीमा गस्त दल उभं राहिलं, आणि २ जूनला मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा आला. तोवर त्यांच्यातले लाखभराहून जास्त लोक स्वतःच्या भूमीवर नागरिक नव्हते.

‘आम्ही रांगेत उभं राहून आलो, त्यांनीही तसंच यावं.’ मराठी घरांत हे ऐकू येतं. चूक काय?

रांगेतला त्रास खोटा नाही. एका देशाला सात टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड नाही या नियमाने भारतीय अभियंत्यांची उमेदीची वर्षं वाट पाहण्यात जातात. पण ही रांग आपल्यासाठी उघडली ती १९६५ च्या कायद्याने. त्याआधी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवले, आणि १९४६ मध्ये दार किलकिलं झालं तेव्हा भारताचा वर्षाचा कोटा होता १००.

आपली मंडळी जी रांग दाखवतात ती पदवीधरांची आहे. बिनकौशल्याच्या कामगारांसाठी, सगळ्या जगासाठी मिळून, कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं ठेवली आहेत, त्यात कुटुंबीयही मोजून. अमेरिकेत जवळचा नातेवाईक नसलेल्या ग्वाटेमालाच्या मजुराला ‘रांगेत ये’ म्हणणाऱ्याने ती कुठल्या खिडकीसमोर लागते हेही त्याला सांगायला हवं.